बायांचा घाट

आमच्या घरात दिवस पाण्यापासून सुरू व्हायचा. तांबडं फुटायच्या आधी माय डोक्यावर चुंबळ ठेवून तळ्याकडे निघालेली असायची, तिच्यामागे माझी थोरली बहीण कौसाबाई, आणि तिच्यामागे पेंगत, ठेचकाळत मी. माझ्या डोक्यावरचं मडकं एवढंसं होतं, पण ते मला कोणी रिकामं आणू दिलं नाही. परत आल्यावर माय ढेकीवर उभी राहायची. पायाने दाबून धान कांडायचं ते जाड लाकूड वर-खाली व्हायला लागलं की घराची भिंतसुद्धा हलायची, आणि त्या धपधप आवाजात मी पुन्हा एक डुलकी काढून घ्यायची. कांडलेलं धान मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, घरचं असायचं. आमच्या वाट्याला कणी यायची, तिची पेज व्हायची, आणि पेजेबरोबर अंबाडीची भाजी नाहीतर लाखोरीच्या डाळीचं पातळ वरण. बाप गोंदियाला भाताच्या गिरणीत पोती वाहायचा आणि सणावाराला घरी यायचा. तो आला की घरात हिंदी बोलणं आणि विडीचा वास यायचा, तो गेला की पुन्हा आम्ही तिघी.

आमचं गाव अर्जुनीच्या सडकेपासून बरंच आत, नागझिऱ्याच्या जंगलाकडच्या अंगाला. गावाला खरी श्रीमंती एकच, ते तळं. पूर्वीच्या कोण्या कोहळी पाटलाने बांधलेलं, म्हातारी माणसं सांगायची. लांबलचक मातीची पाळ, पाळीवर मोहाची झाडं, आणि खाली पसरलेल्या धानाच्या बांध्या. गावातल्या बाया पाळीच्या उगवतीच्या टोकाला पाणी भरायच्या, आम्ही महारांच्या बाया मावळतीच्या टोकाला, जिथून पाणी बांध्यांत सोडायचं तुडूम होतं तिथे. हे कोणी ठरवलं ते विचारायची पद्धत नव्हती. माय गावात दोन कामांसाठी ओळखली जायची. रोवणीच्या दिवसांत चिखलात बायांची रांग लागायची तेव्हा रांगेच्या टोकाला ती असायची, तिच्या हाताची चाल धरून बाकीच्या धान रोवायच्या. आणि ती सुईण होती. बामण, पाटील, मालगुजार, सगळ्यांची लेकरं मायच्या हातावर पडली होती. त्या खोलीपुरता तिचा विटाळ नव्हता, कारण बाळंतीणच विटाळात असायची.

हे सगळं आज लिहायला बसले त्याला कारण कौसाबाईची पणती. ती नागपूरला शिकते. दिवाळीला आली तेव्हा मला म्हणाली, आजी, तुमच्या लहानपणी बायांची चळवळ वगैरे काही होती का? मी म्हटलं, होती की, आणि आम्ही जिंकलोही होतो. पोरीचे डोळे असे चमकले, मग सांग ना, म्हणाली. तेव्हा मला सांगवलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसले. आता ती परत गेली आहे, घर शांत आहे, आणि माझा राग अजून तेवढाच ताजा आहे, म्हणून लिहिते आहे.

मालगुजाराच्या धाकट्या मुलाचं लग्न झालं आणि नागपूरची मुलगी गावात सून म्हणून आली. गाव तिला सूनबाईच म्हणायचं. शिकलेली होती, चष्मा लावायची, डोक्यावरचा पदर मागे सरकला तरी पटकन ओढायची नाही, आणि वर्तमानपत्र वाचायची. येऊन वर्ष होत नाही तो तिने बायांचं मंडळ काढलं. पाटलीण, बामणाच्या दोन सुना, मास्तरांची बायको, दुकानदारीण अशा बाया दर आठवड्याला मालगुजाराच्या ओसरीवर जमायच्या. सूनबाई त्यांना काहीतरी वाचून दाखवायची, सूत कातायला शिकवायची. आमच्या मोहल्ल्यात त्याची टिंगल चालायची. दिवसभर वाकून पाठीचा काटा ढिला झालेल्या बाया म्हणायच्या, त्यायले बसून बसून कटाळा आला असंल बाप्पा.

पण सूनबाईने घाटाचा विषय काढला आणि टिंगल थांबली. तळ्यावर बायांना आडोसा नव्हता. गावच्या बाया अंधारात आंघोळी उरकायच्या, आणि आमच्या बायांना तर तेवढीही सवड नसायची. रोवणीहून मांड्यांपर्यंत चिखल घेऊन आल्या की दिवसाउजेडी, लुगड्यासकट पाण्यात उतरायच्या, आणि नेमके त्याच वेळी जंगलातून लाकडं घेऊन येणारे गाडीवान पाळीवर बैलं सोडून विड्या ओढत बसायचे. मालगुजाराचा दिवाणजी तर काम नसताना यायचा. तो कोणाकडे काय बघून हसला हे माय आणि शेजारणी दबक्या आवाजात बोलायच्या तेव्हा मला तिथून हाकललं जायचं. कौसाबाईचं लग्न मायने घाईने केलं त्याचंही कारण ती पाळच होती, असं मला पुढे कळलं. तेव्हा बायांसाठी भिंत घालून वेगळा घाट बांधा, हे मागणं काही नागपूरहून आलेलं नव्हतं. ते आमच्या प्रत्येकीच्या पोटातलं होतं.

सूनबाईने सगळ्या गावच्या बायांना अंगणात बोलावलं. मंडळाच्या बाया ओसरीवर सतरंजीवर, आमच्या बाया खाली अंगणात कडुनिंबापाशी. मी मायच्या पाठीला चिकटून उभी होते. सूनबाई बोलता बोलता ओसरीच्या पायऱ्या उतरली आणि आमच्यापासून दोन हातांवर, उन्हात येऊन उभी राहिली. मागून पाटलीणबाईने तिला हाक मारली तरी ती वर गेली नाही. ती म्हणाली, बाईची लाज ही जात पाहून येत नाही. घाट झाला की त्याच भिंतीच्या आत तुमच्यासाठी बाजूने वेगळ्या पायऱ्या करून घेईन, हा माझा शब्द. घरी परतताना वाटेत माय एकटीच मान हलवत होती. तिच्याशी उन्हात उभं राहून कोणी असं बोललेलं तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

मालगुजाराने सुनेला हसण्यावारी नेलं. मंडळाच्या बायांनी विनवण्या केल्या, एकादशीला जोडून आणखी एक दिवस उपास केला, तोही हसण्यावारी गेला. तेव्हा पाऊस लागला होता, रोवणी तोंडावर होती, आणि एके दुपारी सूनबाई चक्क आमच्या मोहल्ल्याच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. तिने मायला बोलावून घेतलं. माझं घरात कोणी ऐकत नाही भागा, ती म्हणाली, तुमचं ऐकावं लागेल. तुम्ही बांधीत पाय टाकला नाहीत तर मामंजींना यावंच लागेल ताळ्यावर. मायला हे कळायला वेळ लागला नाही. धानाची रोपं वेळेवर उपटून लावली नाहीत तर जागच्या जागी वाढून निकामी होतात, आणि आजूबाजूच्या सगळ्या गावांत तेव्हाच रोवणी असते, बाहेरून हात मिळत नाहीत. मायने मोहल्ल्यातल्या बायांना घरोघरी जाऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या बाया बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे कडेच्या बांधावर, जाऊन बसल्या. खाली चिखल तयार, रोपांच्या पेंड्या टाकलेल्या, आणि चिखलात एकही बाई नाही. तसं दृश्य मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

बसणं सोपं नव्हतं. ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी चूल नाही, असा आमचा हिशेब. सूनबाईच्या मंडळाच्या बाया सकाळी येऊन आम्हाला धीर देऊन जायच्या आणि दुपारी जेवायला घरी जायच्या. आम्ही जंगलातून वास्ते आणायचो, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, ते उकडून त्याचं पाणी फेकायचं आणि मीठ लावून खायचं. मागच्या उन्हाळ्यातली वाळवलेली मोहफुलं शिजवायचो. शेजारच्या घरातलं लेकरू भुकेने रडून रडून शेवटी रडायचंच थांबलं, तेव्हा त्याची आई उठून बांधीत उतरायला निघाली. मायने तिचा हात धरला, तिला खाली बसवलं आणि आमच्या घरची उरलेली कणी तिच्या ओच्यात घातली. त्या संध्याकाळी आखाडाला माहेरी आलेल्या कौसाबाईने आणि मी नुसतं पाणी पिऊन ढेकीच्या लाकडावर बसून गाणी म्हटली. पोटात काही नसलं की आवाज फार मोकळा लागतो.

आणि मालगुजार नमला. रोपं पिवळी पडायला लागली तसा त्याने दिवाणजीकडून निरोप पाठवला, घाट बांधून देतो, बायांना उतरायला सांगा. बाया नाचत चिखलात उतरल्या. मायने पहिली रोपं लावली ती सूनबाईच्या नावाने. दिवाळीनंतर जागा ठरवायची वेळ आली तेव्हा सूनबाईने मायलाच विचारलं, कारण गावच्या बायांचं टोक उन्हाळ्यात चिखल होऊन जायचं. मायने जागा दाखवली. आमची. तुडुमापाशी तळं सगळ्यात खोल, तिथलं पाणी भर उन्हाळ्यातही आटत नसे. आपलं म्हणून जे काय होतं ते तिने बोट करून दाखवलं, आणि वर आनंदाने दाखवलं. याला कोणी मूर्खपणा म्हणेल. मी कधी म्हटलं नाही. ज्या बाईने उन्हात उभं राहून शब्द दिला तिला तिने आपल्यातली धरलं होतं, एवढंच.

दगड आमच्या मोहल्ल्याने वाहिला. चुना आमच्या बायांनी घोटला. भिंत उभी राहिली, पायऱ्या झाल्या, आणि बाजूच्या वेगळ्या पायऱ्या काही झाल्या नाहीत. गवंडी म्हणाला, मला सांगितलं नाही. मग एके दिवशी भटजींना बोलावून घाटाची पूजा झाली, गोमूत्र शिंपडलं, आणि त्या दिवसापासून आम्हाला भिंतीच्या आत पाय टाकायची मनाई झाली. माय सूनबाईकडे गेली. सूनबाईचं तोंड उतरलेलं होतं. मंडळातल्या बाया ऐकत नाहीत, म्हणाली, पाटलीणबाई म्हणतात की पायऱ्या वेगळ्या केल्या तरी पाणी एकच. पुढच्या वर्षी मी नक्की करून घेईन, आता घाई केली तर मंडळच मोडेल. तळ्यात तेव्हा अजून भरपूर पाणी होतं. आम्ही पाळीच्या मधल्या भागात कुठेही मडकं बुडवू शकत होतो. माय म्हणाली, चला, एक साल काढू.

तो उन्हाळा मी विसरू शकत नाही. तळं दिवसागणिक मागे सरत गेलं आणि चैत्र संपेपर्यंत त्या भिंतीच्या आत जाऊन बसलं. बाहेर भेगाळलेला तळ, म्हशींची लोळण आणि मेलेल्या शिंपल्यांचा वास. आम्ही तळाशी झिरे खणले. झिरा म्हणजे हातभर खड्डा, त्यात खालून गढूळ पाणी पाझरायचं, ते वाटीने मडक्यात भरायचं. एक मडकं भरायला सकाळ जायची. गावातल्या विहिरींकडे बघायचीही सोय नव्हती. भिंतीपलीकडून आंघोळ करणाऱ्या बायांच्या हसण्याचा, बांगड्यांचा, पाणी उडवल्याचा आवाज यायचा, आणि आम्ही झिऱ्याच्या कडेला उकिडव्या बसून वाटी बुडेल एवढं पाणी साचायची वाट बघायचो. त्याच दिवसांत कौसाबाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिच्या सासरी वैनगंगा होती, बारमाही वाहती. सासू नको म्हणत होती, पण पहिलटकरणीला आईच हवी म्हणून माय स्वतः जाऊन तिला घेऊन आली.

कौसाबाईचे दिवस भरत आले तशी माय सूनबाईकडे गेली. मी बरोबर होते. सूनबाईलाही दिवस गेलेले होते, ती ओसरीवरच्या झोपाळ्यावर टेकून बसली होती, शेजारी तांब्या-भांडं. मायने अंगणातून सगळं सांगितलं. फक्त एक घागर द्या, तुमच्या घरी काम करणाऱ्या गडणीच्या हातून भिंतीबाहेर ठेवा, आम्ही येऊन नेऊ. सूनबाईने ऐकून घेतलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मी पाहिलं.

"भागा, मला काय कळत नाही का? पण आज एक घागर दिली तर उद्या सगळा मोहल्ला येईल, आणि त्या बाया घाटावर यायच्या बंद होतील. इतक्या कष्टाने मिळालेला घाट आहे. तुम्ही असं करा, तुमच्यासाठी वेगळा घाट मागा. मी तुमच्या पाठीशी उभी राहते."

माय म्हणाली, "घाट वेगळा मागीन बाई. पानी वेगळं कोठून मागू?"

आम्ही परत निघालो तेव्हा सूनबाईने मोलकरणीकरवी मला एक पिकलेला आंबा देववला. मायने तो वाटेत म्हशीला टाकला.

कौसाबाई बाळंत झाली. मुलगी झाली. मायच्या हाताने गावात इतकी लेकरं आली, पण आपल्या लेकीला शेकायला, धुवायला, पाजायला तिच्यापाशी झिऱ्याचं गढूळ पाणी होतं, तेही अर्धं मडकं. माय ते लुगड्याच्या पदरातून दोनदा-तीनदा गाळायची आणि उकळायची, तरी खाली चिखल बसायचा. तिसऱ्या दिवशी कौसाबाईचं अंग तापलं. ओठ फुटले. ती बडबडायला लागली, सारखी नदीचं नाव घ्यायची, नदीवर जातो म्हणायची. पुढे मी दवाखान्यात नर्स म्हणून आयुष्य काढलं, त्या तापाला काय म्हणतात ते मला आज माहीत आहे. स्वच्छ पाणी असतं तर ती जगलीच असती असं मी छातीला हात लावून सांगू शकत नाही. पण तहानेली मेली नसती, हे सांगू शकते.

त्या दिवशी ऊन असं होतं की पत्रावळीची पानं आपोआप वळत होती. माय उठली, कोपऱ्यातलं स्वच्छ मडकं घेतलं आणि तळ्याकडे चालायला लागली. मी मागे धावले. झिऱ्यांवरच्या बायांना वाटलं ती रांगेत बसायला आली, पण ती थांबली नाही. थेट भिंतीच्या दारातून आत गेली. आत पाटलीणबाई, मास्तरीण आणि दोघी-तिघी पाण्यात होत्या. सूनबाई वरच्या पायरीवर पाय सोडून बसली होती. मायला पाहताच पाण्यातल्या बाया किंचाळून बाहेर आल्या, ओल्या लुगड्यांनी भिंतीला चिकटल्या. कोणी तिला ढकलू शकत नव्हतं, कारण ढकलायचं तर हात लावावा लागला असता. मायच्या भोवती आपोआप जागा होत गेली. ती शांतपणे पायऱ्या उतरली, गुडघाभर पाण्यात गेली, हाताने वरचा तवंग बाजूला सारला आणि मडकं बुडवलं. वर येताना सूनबाईसमोर क्षणभर थांबली. तिने काही मागितलं नाही, नुसती थांबली. सूनबाई पाण्याकडे बघत राहिली.

बाहेर दिवाणजी आला होता. बायांच्या किंकाळ्या ऐकून पाळीवरचे गाडीवानही धावत आले होते. ज्यांच्या नजरेपासून लपायला तो घाट मागितला, त्यांनाच त्या बायांनी हाका मारल्या. दिवाणजी लांब उभा राहून म्हणाला, "मटका नीचे रख." माय चालत राहिली. तेव्हा त्याने लांबूनच काठी घातली. मडकं फुटलं, पाणी मायच्या डोक्यावरून, चेहऱ्यावरून, अंगावरून खाली गेलं आणि पाळीच्या मातीने ते तिथल्या तिथे पिऊन टाकलं. माय तशीच ओली घरी आली. येऊन तिने कौसाबाईचं डोकं मांडीवर घेतलं आणि लुगड्याचा ओला पदर तिच्या तोंडात पिळला. तेवढं पाणी तिला मिळालं. ऊन कलायच्या आत ती गेली.

त्या लेकीला आम्ही शेजारणीच्या दुधावर आणि बकरीच्या दुधावर वाढवलं. तीच पुढे माझ्याकडे राहिली, शिकली, तिच्या लग्नाआधी आम्ही सगळ्यांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. तिचीच नात मला चळवळीबद्दल विचारते. तिच्या कॉलेजातल्या बाई म्हणे वर्गात सांगतात की बाई म्हणून आपण सगळ्या एकाच दुःखाच्या. असेलही. मी त्या बाईंना ओळखत नाही, आणि माझा बायांवरचा विश्वासही उडालेला नाही. त्या धुऱ्यावर उपाशी बसलेल्या बाया माझ्या डोळ्यांसमोर आहेत. पण कोणी असं म्हटलं की मला आधी विचारावंसं वाटतं, बाई, तुमच्या घाटावर पाणी कोण भरतं?

कौसाबाईला जाऊन महिनाही झाला नव्हता आणि मालगुजाराकडून बोलावणं आलं. सूनबाईला नागपूरला नेणार होते, पण कळा आधीच सुरू झाल्या होत्या, आणि गाडीने स्टेशन गाठेपर्यंत वाटेतच काही झालं असतं. मोहल्ल्यातली माणसं आमच्या दारात जमली. झोपड्या मालगुजाराच्या जागेवर आहेत, नाही म्हटलंस तर सगळ्यांना उठवतील, असं म्हातारे मायला सांगायला लागले. ती त्यांचं ऐकत होती की नाही कोण जाणे. ती तेलाची वाटी शोधत होती.

मी तिच्या वाटेत उभी राहिले. "काऊन जाऊन राहिली तू? मरू दे तिले."

मायने मला बाजूला केलं. "कळा देऊन राहिली ते. मी सुईन होय," म्हणाली. मग दारात वळली आणि म्हणाली, "तू बी चाल. घरी एकली नोको राहू."

मला तिचा राग आला होता. अजूनही येतो. बाळंतीण अडली होती, बाळ आडवं होतं. मी मागच्या दाराशी बसून ऐकत होते. सूनबाई ओरडत होती, मायच्या गळ्याला मिठी मारून म्हणत होती, भागा, मला सोडून जाऊ नकोस, आणि माय तिला तेच शब्द सांगत होती जे कौसाबाईला सांगितले होते, त्याच सुरात. बाळ जिवंत आलं, मुलगा. पुढचे दहा दिवस माय रोज त्या खोलीत जायची. सूनबाईला तेल लावायची, शेकायची, बाळाला मांडीवर घेऊन न्हाऊ घालायची. सूनबाई तिच्याशी खूप बोलायची. कौसाचं ऐकून मला दोन दिवस जेवण गेलं नाही, म्हणाली. एकदा तर मायच्या खांद्यावर डोकं ठेवून खरोखर रडली. मी पुढच्या सभेत हा विषय मांडणार आहे, म्हणाली. माय तिच्या पोटऱ्यांना तेल चोळत राहिली. ते रडणं खोटं नव्हतं. खोटं असतं तर मला सोपं गेलं असतं.

दहाव्या दिवशी सुईणीचं काम संपतं. बाळंतिणीचा विटाळ त्या दिवशी फिटतो, आणि त्याबरोबर सुईणीचा हात पुन्हा विटाळाचा होतो. सकाळीच मायला खोलीबाहेर यायला सांगितलं. ती ज्या कोपऱ्यात बसायची तिथले शेण-मातीचे पोपडे उकरून काढले, खोली नव्याने सारवली. परसात पाट मांडला, त्यावर सूनबाईला बसवलं. घाटावरून पाणी यायला लागलं. गडणी घागरीमागून घागरी आणत होत्या, आणि पाटलीणबाई व घरच्या बाया ते पाणी सूनबाईच्या डोक्यावर ओतत होत्या. खांद्यांवर, पाठीवर, पोटऱ्यांवर, जिथे जिथे मायचा हात लागला होता तिथे तिथे. पाणी पाटाखालून वाहत परसाच्या नाल्यातून बाहेर पडत होतं आणि आम्ही बसलो होतो त्या बाभळीपर्यंत येऊन जिरत होतं. मी इतकं पाणी त्या उन्हाळ्यात एका जागी पाहिलं नव्हतं. माय टक लावून बघत होती. तिच्या मांडीवर नवीन लुगडं आणि सूपभर तांदूळ ठेवलेला होता, सुईणीचा मान.

सूनबाईचं लक्ष माझ्याकडे गेलं असावं. ओल्या केसांतूनच ती गडणीला म्हणाली, त्या पोरीला पाणी दे, केव्हाची उन्हात बसली आहे. गडण घागर घेऊन आली, लांब उभी राहिली आणि घागर कलती केली. मी ओंजळ पुढे केली नाही. दात आवळून बसून राहिले. पाण्याची धार माझ्यासमोर मातीत पडायला लागली, शिंतोडे उडायला लागले.

मायने माझे दोन्ही हात धरले आणि त्यांची ओंजळ केली. तिचे हात तेलाने अजून चिकट होते.

"पी," ती म्हणाली. "तुह्या बहिनीच्या वाट्याचं हाये."

मी प्याले. पाणी गोड होतं.